दुसरा मजला: डिस्टर्बिंग

शेवटचा साधा दिवस बुधवार होता. साधा म्हणजे इतका साधा, की त्या दिवशीही लिफ्ट बंद होती. चार महिने हलली नव्हती. तरी आम्ही तिला लिफ्टच म्हणत होतो, जसं बंद पडलेल्या घड्याळाला लोक घड्याळच म्हणतात. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. भाजीची पिशवी माझ्या हातात, वर्तमानपत्र बाबांच्या काखेत, अशी आमची वरात जिना चढत होती.

दुसऱ्या मजल्यावर बाबा थांबले. तिथे भिंतीवर सूचनाफलक आहे आणि त्यावर एकच सूचना आहे: टाकी धुवायची असल्यामुळे रविवारी पाणी येणार नाही, गैरसोयीबद्दल क्षमस्व. तो रविवार होऊन दोन वर्षं झाली. बाबा ती सूचना वाचत होते. आदल्या दिवशीही त्यांनी ती वाचली होती, त्याच्या आदल्या दिवशीही. मी पिशवीत किल्ली शोधायला लागले. घर अजून दोन मजले वर होतं, पण किल्ली वेळेवर हाताशी असलेली बरी.

"टाकी धुणार आहेत," बाबा म्हणाले.

"हो का," मी म्हणाले.

बाबा चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात होते. तिथे येणारी पत्रं इंग्रजीत असत आणि रोज इतकी येत, की ती वाचायला वेळ नसे. म्हणून पत्रातलं विशेषण शोधायचं आणि त्याप्रमाणे पत्र ट्रेमध्ये टाकायचं, अशी पद्धत होती. 'ट्रबलसम' म्हणजे नुसती कटकट, उत्तर तीन महिन्यांनी. 'वरीइंग' म्हणजे काळजीचं, महिन्याभरात बघू. 'डिस्टर्बिंग' म्हणजे माणसाचं चित्त ठिकाणावर नाही, पंधरा दिवस. 'डिस्ट्रेसिंग' म्हणजे माणूस रडकुंडीला आलाय, आठवडा. आणि 'अलार्मिंग' असेल तर पत्र ट्रेमध्ये टाकायचंच नाही, हातात धरून त्याच दिवशी साहेबांच्या खोलीत जायचं, मग साहेब जेवत असोत की डुलकी काढत असोत.

"लोक शब्द नासवतात," बाबा म्हणायचे. "नळाला पाणी बारीक आलं की लगेच अलार्मिंग. मग खरंच पाइप फुटला की काय लिहिणार? तो शब्द वापरला की कुणाला तरी उठावं लागतं. उगाच कुणाला उठवू नये."

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. मला असे शंभर शब्द येतात, काळीज पिळवटणाऱ्या 'हॅरोइंग' आणि थरकाप उडवणाऱ्या 'अपॉलिंग'पासून पुढचे. बाबांना त्यांतला एकही पसंत नव्हता. "हे कादंबऱ्यांतले," ते म्हणायचे. "यांना ट्रे नाही."

लिफ्टबद्दल त्यांनी सात पत्रं लिहिली होती. लिफ्ट तपासणी कार्यालय इमारतीच्या शिक्क्याशिवाय कागद घेत नाही, म्हणून दर वेळी पत्र तिसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींकडे जायचं. उत्तर एकाचंही आलं नव्हतं. त्या बुधवारी चहा घेऊन बाबा आठवं पत्र लिहायला बसले. 'द कंडिशन ऑफ द लिफ्ट इज' इथपर्यंत आले आणि थांबले.

"उद्या तुझं शिबिर ना?" त्यांनी विचारलं.

"दोन दिवस. जाऊ ना?"

"जा की. इथे काय आहे?"

गुरुवारी सकाळी साडेअकराला, मी शिबिरात पुस्तकांना लागणाऱ्या कसरीवरचं भाषण ऐकत असताना, बाबा गेले. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही, म्हणून पुढचं सांगते.

डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही त्रास होत होता का?"

"नाही," मी म्हणाले. "काही नव्हता."

भेटायला माणसं येऊ लागली. अडचण अशी, की सांत्वनाला येणाऱ्या माणसाला चार मजले चढून यावं लागे आणि दारात पोचेपर्यंत त्याच्याकडे सांत्वनापुरता श्वास उरत नसे. तो चौकटीला धरून उभा राही, हाताने 'काय हे' अशी खूण करी, आणि आम्ही त्याला धरून खुर्चीत बसवून पाणी देत असू. बाबांच्या कचेरीतल्या एका गृहस्थांच्या तर पाठीवरून मला अर्धा तास हात फिरवावा लागला. जाताना ते म्हणाले, "तुझ्याकडे येऊन फार बरं वाटलं."

या सगळ्यावर देखरेख माझ्या आत्याची. आत्या बाबांची धाकटी बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, आणि तिचा जगात कुणावरही विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, हवामानखात्यावर नाही, आणि जो माणूस फार रडतो त्याच्यावर तर मुळीच नाही. पहिल्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई भेटून गेल्या तेव्हा ती दार लावत म्हणाली, "हिने तीन रुमाल भिजवले. नक्की काहीतरी केलंय हिने."

मी मात्र एकच छोटंसं काम हाती घेतलं होतं: बाबांचं आठवं पत्र पुरं करून देणं. रिकाम्या जागेत एक शब्द घालायचा, सही करायची, संपलं. लिफ्ट चालू असती तर, हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा मनात सुरू करत होते आणि पुरं करत नव्हते. निदान पत्र तरी पुरं करावं.

पत्र घ्यायला टेबलाचा खण उघडला आणि पत्राखाली निळ्या पुठ्ठ्याची वही निघाली. बाबांचं सुबक अक्षर, आखलेले तीन रकाने. तारीख, मजला, आणि एक इंग्रजी शब्द. दुसरं काहीच नाही. 'दुसरा मजला, वरीइंग.' 'दुसरा मजला, डिस्टर्बिंग.' 'तिसरा मजला, डिस्ट्रेसिंग.' 'पहिला मजला, ट्रबलसम.' अशी पानंच्या पानं.

"काय लिहिलंय?" आत्याने विचारलं. तिला इंग्रजी येत नाही, पण आपल्याला येत नाही त्या भाषेत काहीतरी दडवलेलं असतं हे तिला पक्कं ठाऊक असतं. मी सांगितलं.

आत्याने पदर खोचला. "म्हणजे पाळत."

"काहीतरीच काय आत्या. कुणावर पाळत?"

"या सगळ्यांवर! अगं, माझा भाऊ उगाच लिहिणाऱ्यातला नव्हता. कोणत्या मजल्यावर कोण काय करतं, सगळं टिपून ठेवलंय त्याने. दुसऱ्या मजल्याचं कितीदा आहे ते मोज."

मी मोजलं. मोजायला नको होतं, पण ग्रंथपालाला मोजायला सांगितलं की तो मोजतो. दुसरा मजला एकूण एक्केचाळीस वेळा, त्यात डिस्टर्बिंग सतरा.

"बघ," आत्या म्हणाली. "तो दुसऱ्या मजल्यावरचा वकील."

मग मलाही संशयाची चव लागली. शोकापेक्षा संशय बरा, निदान त्यात उठून काहीतरी करता येतं. मी वही जवळजवळ सगळी वाचली. शेवटचं पान तेवढं उघडलं नाही. शेवटचं पान आधी बघू नये हा आमच्या धंद्याचा नियम आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आठवं पत्र घेऊन मी लिफ्ट तपासणी कार्यालयात गेले. रिकाम्या जागेत 'हॅरोइंग अँड अपॉलिंग' असं ठणठणीत लिहिलं होतं. खिडकीतल्या कारकुनाने पत्र उलटंसुलटं पाहिलं.

"यात दोन विशेषणं आहेत."

"मग?"

"एक काढा. दोन असली की कुठे लावायचं ते कळत नाही." त्याने चष्मा वर केला. "आणि इमारतीचा शिक्का?"

"घेते. पण आधीच्या सात पत्रांचं काय झालं ते सांगा."

त्याने आवकवही काढली, बोट फिरवत चार महिने मागे गेला, आणि बोट रिकामंच परत आलं. "एकही नाही."

"असं कसं? माझ्या वडिलांनी लिहिली होती."

"नोंद नाही म्हणजे पत्र नाही. तक्रारदारांना स्वतः पाठवून द्या."

"ते वारले."

कारकून आवकवही मिटून खिडकीशी वाकला. मग हळू आवाजात, अगदी मनापासून म्हणाला, "मग ताई, ती तक्रार तशीही बंद होते."

मी घरी आले ती पेटलेलीच. सात पत्रं वाटेत कुणीतरी गिळली होती आणि घरात पाळतीची वही होती. एवढ्या पुराव्यावर जगात बरीच माणसं आत गेली आहेत. पण मी पोचायच्या आत आत्याने काम उरकलं होतं. तिने जिन्यात फक्त शिकवणीच्या बाईंना सांगितलं होतं की "दादा सगळं लिहून गेलाय, मजल्यागणिक." आणि शिकवणीच्या बाईंना सांगितलेली गोष्ट आमच्याकडे गुप्त राहत नाही. संध्याकाळपासून कबुलीजबाब सुरू झाले.

पहिल्या स्वतः बाईच आल्या. "जिन्यातला दिवा मीच काढला हो. मुलांना शिकवायला उजेड पुरत नव्हता. त्या जागी आमच्या न्हाणीघरातला लावला. पण लावला ना?" मी म्हटलं, तुमच्या मजल्याला फक्त ट्रबलसम आहे. त्यांचा चेहरा उजळला. "एवढंच? भला माणूस!"

मग दुसऱ्या मजल्यावरचं तरुण जोडपं आलं. "आमचं भांडण वरपर्यंत ऐकू यायचं का?" त्याने विचारलं. "आमचं नाही, तुझं," ती म्हणाली. "माझं? बशी कुणी फेकली?" ते जिन्यातूनच भांडत खाली गेले आणि भांडण खरोखरच वरपर्यंत ऐकू येतं हे सिद्ध झालं.

वकीलसाहेब मात्र कबुली द्यायला आले नव्हते, लढायला आले होते. जोडप्याच्या समोरचं घर त्यांचं. दारात उभे राहून त्यांनी बोट वर केलं, तोंड उघडलं, आणि धाप लागल्यामुळे मिटलं. आत्याने पाण्याचा पेला दिला. तो संपवून ते म्हणाले, "माझ्या मजल्याविरुद्ध सतरा नोंदी आहेत असं समजतं. माझे पक्षकार जिन्यात बसतात, मान्य. पायऱ्यांवर विड्या विझवतात, तेही मान्य. पण त्याला डिस्टर्बिंग? मला ती वही तपासायची आहे, सगळ्यांच्या समोर."

"रविवारी सकाळी या," आत्या म्हणाली. "सगळेच या. त्या सेक्रेटरीलाही आणा. तो एकटाच अजून आला नाही, म्हणजे बघा."

रविवारी अख्खी इमारत आमच्या बाहेरच्या खोलीत जमली. सगळे जिना चढून आलेले, त्यामुळे पहिली पाच मिनिटं सभेत नुसते श्वासच चालू होते. सेक्रेटरी दाराशी, लगेच निघता येईल अशा बेताने बसले होते. वकीलसाहेबांनी वही मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि कोर्टातल्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"तीन तारीख. पहिला मजला, ट्रबलसम. दुसरा मजला, वरीइंग. तिसरा मजला, वरीइंग." त्यांनी वर पाहिलं. "एकाच दिवशी सगळे मजले? आणि याच क्रमाने? खालून वर?"

"माणूस खालूनच वर येतो," आत्या म्हणाली. "पुढे वाचा."

"हा मुद्दा मी राखून ठेवतो." ते पानं उलटत गेले आणि एका ठिकाणी त्यांना साक्षीदार फुटल्यासारखा आनंद झाला. "हे पाहा! बारा तारखेपासून एकवीसपर्यंत एकही नोंद नाही. दहा दिवस. म्हणजे या दहा दिवसांत माझे पक्षकार आले नाहीत? हे दोघं भांडले नाहीत? आम्ही सगळे अचानक शहाणे झालो होतो काय?"

"ते दहा दिवस दादा माझ्याकडे होता," आत्या म्हणाली. "तो इथे नव्हताच, तर लिहिणार काय? छान राहिला होता. रोज बागेत जायचा. माझं घर तळमजल्यावर, पायरी म्हणून एकसुद्धा..."

ती तिथेच थांबली.

शिकवणीच्या बाई अजून छातीवर हात ठेवून दम खात होत्या. त्यांनी तो हात खाली घेतला. वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि आता ते कोर्टातल्या आवाजात वाचत नव्हते. ते वाचतच नव्हते. नुसतं पानावरून बोट फिरवत होते, पहिला, दुसरा, तिसरा, जिना चढल्यासारखं. मग त्यांनी वही मिटली.

"यात आमच्याविरुद्ध काही नाही," ते म्हणाले.

सेक्रेटरी उठून बाहेर गेले. मला वाटलं, पळाले. पण थोड्या वेळाने ते परत आले ते हातात कागदांची चळत घेऊन. सात पत्रं, सातही माझ्या वडिलांच्या अक्षरातली.

"माझ्या कपाटात होती," ते म्हणाले. "जिन्यातल्या." तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर त्यांनी चपला आणि जुनी रद्दी ठेवायला एक कपाट ठोकून घेतलंय. "तपासनीस आला असता तर पहिल्यांदा तेच काढायला लावलं असतं. आणि पत्रांत फार काही नव्हतं हो. ट्रबलसम, वरीइंग... मला वाटलं, कटकटच आहे, घाई काय आहे. त्यांनी जरा मोठं काही लिहिलं असतं तर मी..."

हाच तो माणूस होता. गेले दहा दिवस मला कुणाचं तरी नाव हवं होतं, ते मिळालं होतं, आणि ते समोर मान खाली घालून उभं होतं. मला येणारे सगळे शब्द एकदम तोंडाशी आले, ट्रे नसलेलेसुद्धा. मी उठले. आणि काहीतरी हातात असावं म्हणून वकीलसाहेबांच्या मांडीवरची वही उचलली. ती उघडली ती नेमकी शेवटच्या पानावर.

बुधवार. दुसरा मजला. तिथे बाबांनी 'अलार्मिंग' लिहिलं होतं. मग त्यावर एक सरळ रेघ मारली होती, पट्टी लावून मारावी तशी, आणि वर लिहिलं होतं 'ट्रबलसम'. समोर समासात, साध्या मराठीत: 'उद्या तिचं शिबिर.'

सगळ्या मजल्यांवर संशय घेऊन झाला होता. एकच मजला राहिला होता, आमचा.

"बसा," मी सेक्रेटरींना म्हटलं. "शिक्का आणलाय का?"

त्यांनी खिशातून काढला. मी आठव्या पत्रातली माझी दोन्ही विशेषणं खोडली आणि त्या जागी बाबांनी खोडलेला शब्द लिहिला. सेक्रेटरींनी शिक्का मारला, इतक्या जोरात की टेबल हललं. सोमवारी ते स्वतः माझ्याबरोबर खिडकीपर्यंत आले. कारकुनाने पत्र वाचलं, त्या शब्दावर थांबला, माझ्याकडे बघितलं आणि पत्र ट्रेमध्ये टाकलं नाही. हातात धरून तो आतल्या खोलीत गेला. म्हणजे ती पद्धत सगळीकडे आहे. बाबांना हे सांगायला हवं होतं.

त्याच दुपारी तपासनीस आला. सेक्रेटरींनी कपाट तो यायच्या आधीच स्वतःच्या हाताने उखडून ठेवलं होतं. पाच दिवसांत लिफ्ट सुरू झाली. इमारतीतले सगळे उगाचच खालीवर करून आले. शिकवणीच्या बाईंनी जिन्यात नवा दिवा लावला. आत्या लिफ्टमधून उतरताना म्हणाली, "चालते खरी. पण माझा विश्वास नाही." मग तिने मला जवळ घेतलं, पिशवी उचलली आणि ती तिच्या पायरी नसलेल्या घरी गेली.

तिला सोडून मी परत आले. लिफ्ट खाली येऊन दार उघडं ठेवून उभी होती. मी जिन्याने निघाले.

दुसऱ्या मजल्यावर थांबले. नव्या दिव्याचा उजेड फलकावर पडला होता. टाकी अजून धुवायचीच होती. फलकाच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, भिंतीचा रंग तळहाताएवढा काळपट झाला होता. तो डाग मी चार महिने पाहत होते. मी तिथे हात ठेवून पाहिला. माझ्या हाताला तो थोडा मोठा होत होता.

वकीलसाहेबांचं दार किलकिलं झालं. सवय लवकर जात नाही. "कुणाशी बोलताय?"

"अजून कुणाशी नाही."

"माझ्याबद्दल काही आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "माझ्याबद्दल आहे."

त्यांनी मान हलवली आणि दार आवाज न करता लावून घेतलं.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले. जिन्यात आवाज घुमतो, वरपर्यंत जातो. "तुम्ही सूचना वाचत नव्हता. मला माहीत होतं. आणि किल्ली माझ्या हातातच असायची, रोज, खालपासून."